‘अभब्ब’ कोणी ठरविले? : चूळपंथक थेरांच्या गाथांचे पुनर्वाचन

बौद्ध वाङ्मयातील काही कथा इतक्या लोकप्रिय झालेल्या आहेत की, त्या आता कोणी वाचत नाही. केवळ सांगितल्या जातात. चूळपंथक थेरांची कथा त्यांपैकीच एक होय. वर्षावासातील प्रवचनांत ती येते, बालसंस्कार वर्गांत येते आणि अलीकडे व्यक्तिमत्त्व-विकासाच्या शिबिरांतही येऊ लागली आहे. एक मंदबुद्धी भिक्खू, चार महिन्यांत एक गाथाही पाठ न होणे, थोरल्या भावाने विहारातून घालवून देणे, भगवंतांनी हाती दिलेला वस्त्राचा तुकडा आणि अखेरीस अर्हत्पदाची प्राप्ती, एवढा तिचा सांगाडा बहुतेकांना ठाऊक असतो. या सांगाड्यावर कोणता अर्थ चढवावयाचा, हे मात्र सांगणारा ठरवितो. त्या अर्थाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लेखाचे निमित्तही नमूद केले पाहिजे. काही महिन्यांपूर्वी एका विहाराच्या सभागृहात तरुणांसाठी भरविलेल्या शिबिरास श्रोता म्हणून उपस्थित राहण्याचा प्रसंग आला. प्रशिक्षकांनी प्रत्येकास एक कागद दिला आणि स्वतःला मागे खेचणारी एक समजूत त्यावर लिहावयास सांगितली. ‘मला इंग्रजी जमत नाही’, ‘मला चारचौघांत बोलता येत नाही’, ‘गणित हा माझा विषय नव्हे’ अशी वाक्ये लिहिली गेली. मग ती खोडून त्यांच्या नेमकी उलट वाक्ये लिहावयाची होती. या प्रयोगाचे समर्थन म्हणून प्रशिक्षकांनी चूळपंथकांची कथा सांगितली. ‘त्यांनी स्वतःविषयीचा विचार बदलला आणि ते अर्हत झाले,’ असे तिचे तात्पर्य त्यांनी काढले. तेव्हा मागच्या रांगेतील एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, हे वाक्य माझे नाही. चौथीत असताना आमच्या बाईंनी ते सगळ्या वर्गासमोर मला सांगितले होते. मग ते मी कसे खोडायचे?” भूतकाळ सोडून द्यावा, असे उत्तर तिला मिळाले आणि शिबिर पुढे गेले. तिचा प्रश्न मात्र तेथेच राहिला. चूळपंथकांच्या गाथांत त्या प्रश्नाचे अधिक चांगले उत्तर आहे, असे या लेखकाचे मत आहे.

1

प्रथम या पद्धतीचे श्रेय तिला दिले पाहिजे. आपल्याकडे ‘कोचिंग’ म्हटले की शिकवणीचा वर्ग डोळ्यांपुढे येतो. येथे अभिप्रेत असलेले कोचिंग निराळे आहे. व्यक्तीला प्रश्न विचारून तिच्या स्वतःविषयीच्या समजुती तिच्याकडूनच तपासून घेणे, असे त्याचे स्वरूप आहे. त्याची मुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन मानसशास्त्रात सापडतात. अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात आणि एरन बेक यांनी 1960 च्या दशकात असे प्रतिपादन केले की, मनुष्याला केवळ घटना दुःखी करीत नाहीत. त्या घटनांचा तो जो अर्थ लावतो तोही त्याला दुःखी करतो, आणि हा अर्थ तपासता येतो. पुढे टिमोथी गॅल्वे या टेनिस-शिक्षकाने 1974 मध्ये ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ हे पुस्तक लिहिले. खेळाडूच्या आत एक सतत निवाडा करणारा आवाज असतो, तोच त्याच्या खेळात अडथळा आणतो, असे त्याचे निरीक्षण होते. त्या आवाजाशी वाद घालण्याऐवजी चेंडूच्या शिवणीकडे लक्ष द्यावे, असा उपाय त्याने सुचविला. जॉन व्हिटमोर यांच्या 1992 मधील ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ या पुस्तकाने हीच दृष्टी उद्योगव्यवसायाच्या क्षेत्रात नेली.

स्वतःविषयीची समजूत ही वस्तुस्थिती नसून समजूत आहे, हा या परंपरेचा गाभा बौद्ध अभ्यासकाला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. कालामांना उद्देशून केलेल्या उपदेशात ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा गुरूचा अधिकार एवढ्याच आधारावर काही स्वीकारू नये, असे भगवंतांनी सांगितले. हा निकष आपण बहुधा जगाविषयीच्या मतांना लावतो. स्वतःविषयीच्या मतांना तो क्वचितच लावतो. ‘मी मंद आहे’ हे मतही बहुतेकांच्या बाबतीत ऐकीवच असते. म्हणून आत्मपरीक्षणाची ही चळवळ त्याज्य नाही. प्रश्न आहे तो ती कोठे थांबते याचा.

2

आता मूळ गाथांकडे वळू. थेरगाथेच्या दसकनिपातात चूळपंथकांच्या नावे दहा गाथा आहेत. त्यांचा आशय असा : पूर्वी माझी गती मंद होती, माझा अवमान होत असे. भावाने मला ‘आता घरी जा’ म्हणून बाहेर काढले. संघारामाच्या दाराशी मी खिन्न होऊन उभा राहिलो, कारण शासनाविषयी माझी ओढ सुटलेली नव्हती. तेथे भगवंत आले. त्यांनी माझ्या मस्तकावरून हात फिरविला, मला हाताला धरले आणि आत नेले. अनुकंपेने त्यांनी मला पाय पुसण्याचे एक वस्त्र दिले आणि एका बाजूस बसून या स्वच्छ वस्तूवर चित्त स्थिर करावयास सांगितले. त्यांचे वचन ऐकून मी शासनात रममाण झालो आणि समाधीची साधना केली. यानंतर तीन विद्यांच्या प्राप्तीचा, आम्रवनातील ऋद्धीचा, शास्त्यांनी पाठविलेल्या दूताचा आणि भगवंतांच्या चरणांशी जाऊन बसल्याचा उल्लेख येतो.

पहिल्याच गाथेतील दोन शब्दांकडे भाषेच्या दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. पहिला शब्द ‘दन्धा’ म्हणजे मंद. हे विशेषण स्त्रीलिंगी आहे. ते ‘गती’ला लागते, वक्त्याला नव्हे. क्रियापदही भूतकाळी आहे. थेर ‘मी मंद आहे’ असे म्हणत नाहीत. माझी गती मंद होती, असे म्हणतात. मराठीत हा फरक किरकोळ वाटेल. परंतु ‘दन्ध’ हा शब्द पाली वाङ्मयात साधनेच्या प्रकारांच्या संदर्भातही येतो. अंगुत्तर निकायात चार प्रतिपदा सांगितल्या आहेत. साधना कष्टाची वा सुखाची असू शकते आणि ज्ञान मंद गतीने वा त्वरेने होऊ शकते. मंद गतीने ज्ञान होणे ही तेथे एक प्रतिपदा आहे. मार्गाच्या बाहेर असण्याचा तो दाखला नव्हे. म्हणजे ‘दन्ध’ हे वेगाचे वर्णन आहे, पात्रतेचे नाही.

दुसरा शब्द ‘परिभूत’, म्हणजे अवमानित, तुच्छ लेखला गेलेला. हा शब्द मात्र थेरांनी स्वतःला, ‘अहं’ला लावला आहे. व्याकरणदृष्ट्या तो कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित आहे. ज्याचा कर्ता दुसरा कोणी आहे, अशी ही क्रिया होय. या दोन शब्दांना एकत्र ठेवले म्हणजे गाथेचे विधान स्पष्ट होते. आपल्या गतीविषयी थेर प्रामाणिक आहेत. ती मंद होती. परंतु स्वतःविषयी ते जे सांगतात, ते आपल्यातील उणीव नसून आपल्याशी इतरांनी केलेले वर्तन आहे. ज्या मुलीने ‘हे वाक्य माझे नाही’ असे म्हटले, तिने व्याकरण न शिकता हाच भेद केला होता.

3

अट्ठकथांत आल्यावर ही कथा विस्तारते. जातकट्ठकथेत ती चौथ्या, म्हणजे चुल्लकसेट्ठि जातकाच्या प्रारंभी येते. धम्मपदट्ठकथेत ती पंचविसाव्या गाथेची निदानकथा आहे आणि धम्मपालांच्या थेरगाथा-अट्ठकथेतही तिचा विस्तार आहे. राजगृहातील एका श्रेष्ठीची कन्या घरातील दासाबरोबर निघून गेली. बाळंतपणासाठी माहेरी परतत असताना दोन्ही वेळा तिची वाटेतच प्रसूती झाली. म्हणून मुलांची नावे पंथक, म्हणजे वाटेवरचे, अशी पडली. आजीआजोबांनी नातवंडांना ठेवून घेतले; मुलीला आणि जावयाला मात्र दृष्टीसमोर येऊ दिले नाही. थोरला महापंथक प्रव्रजित होऊन अर्हत झाला. पुढे त्याने धाकट्यास प्रव्रज्या दिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दोघांचे मातापिता एक, घर एक आणि संघही एकच. तरीही एकाची गती शीघ्र, दुसऱ्याची मंद. जन्माने बुद्धी ठरते, या मताचे खंडन या कथेच्या मांडणीतच झालेले आहे. अट्ठकथाकारांनाही ते जाणवले असावे. कारण जन्माने स्पष्टीकरण होईना तेव्हा त्यांनी पूर्वजन्माचा आश्रय घेतला.

ते स्पष्टीकरण असे : कस्सप बुद्धांच्या काळी चूळपंथक हे बुद्धिमान भिक्खू होते. एक मंद भिक्खू पाठ घेत असता त्यांनी त्याची थट्टा केली. त्या थट्टेने तो भिक्खू इतका लज्जित झाला की, त्याने पाठ घेणेही सोडले आणि पठण करणेही सोडले. त्या कर्माचे फळ म्हणून चूळपंथक या जन्मी मंद झाले.

अट्ठकथेतील हे स्थळ या संपूर्ण कथेची किल्ली आहे, असे मला वाटते. परंतु अट्ठकथाकारांना अभिप्रेत असलेल्या अर्थाने नव्हे. मनुष्य शिकणे कसे सोडतो, याचे वर्णन येथे अचूक आले आहे. थट्टेतून लज्जा, लज्जेतून माघार आणि माघारीतून अज्ञान अशी ही कारणपरंपरा आहे. तीत गूढ असे काहीही नाही. ती कोणत्याही वर्गात पाहावयास मिळते. प्रतीत्यसमुत्पादाच्या शिकवणीशीही ती सुसंगत आहे. वर्तमान कथेत ही परंपरा चूळपंथकांना लागू करावयास हवी होती. गाथाच त्यांना ‘परिभूत’ म्हणते. परंतु अट्ठकथेने ती उलटी फिरविली. ज्याची अवहेलना झाली, त्याला पूर्वजन्मीचा अवहेलना करणारा ठरविले. ज्याला उत्तर मिळावयास हवे होते, त्याच्याकडेच जाब मागितला गेला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ (1957) या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या या वापरावर जो आक्षेप घेतला, तो येथे तंतोतंत लागू पडतो. एखाद्याचे वर्तमान दैन्य त्याच्या मागील जन्मीच्या कर्माचे फळ आहे असे मानले की, त्या दैन्याची जबाबदारी समाजावरून आणि राज्यावरून आपोआप उतरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. गरिबीच्या बाबतीत जे खरे, ते ‘मंदबुद्धी’च्या बाबतीतही खरे आहे.

अट्ठकथांतून सोयीचे तेवढे घ्यावे आणि गैरसोयीचे टाकावे, हे कोणत्या न्यायाने, असा आक्षेप यावर येऊ शकेल. तो रास्त आहे. माझे उत्तर असे की, थेरगाथेचा मूलपाठ आणि त्यावरील अट्ठकथा यांत अनेक शतकांचे अंतर आहे. अट्ठकथेने दिलेला तपशील मूळ गाथांशी जुळतो काय, हे प्रत्येक ठिकाणी पाहिले पाहिजे. आम्रवन, दूत आणि दानाचा स्वीकार यांचा निर्देश गाथांतच आहे. म्हणून भोजनाच्या निमंत्रणाची कथा त्यांच्याशी जुळते. पूर्वजन्मीच्या थट्टेचा मात्र या दहा गाथांत निर्देश नाही. स्वतः थेरांनी आपल्या मंदतेचे कारण पूर्वकर्मात शोधलेले नाही.

4

आता भगवंतांनी नेमके काय केले ते पाहू. शिबिरात सांगितल्या गेलेल्या कथेत एवढेच आले की, त्यांनी चूळपंथकांचा आत्मविश्वास जागविला. गाथा आणि अट्ठकथा एकत्र वाचल्या असता तीन स्वतंत्र कृती दिसतात.

पहिली कृती दाराशी घडते. अट्ठकथेनुसार महापंथकांनी भावाला ‘या शासनात तू अभब्ब आहेस’ असे सुनावले होते. ‘अभब्ब’ म्हणजे अपात्र. ज्याच्याकडून काही होण्याचा संभवच नाही असा. भगवंतांनी या शब्दाचा प्रतिवाद करीत बसण्याऐवजी तो उच्चारण्याचा अधिकारच अमान्य केला. तुझी प्रव्रज्या माझ्या शासनातील आहे. भावाने बाहेर काढले तर माझ्याकडे का आला नाहीस, अशा आशयाचे त्यांचे बोलणे अट्ठकथेत आहे. नंतर हाताला धरून त्यांनी त्यांना आत नेले. चूळपंथकांच्या मनातील समजूत बदलण्यापूर्वी त्यांचे स्थान बदलले. ते दाराबाहेर होते, ते दाराच्या आत आले.

दुसरी कृती वस्त्राची. गाथेत ते पाय पुसण्याचे वस्त्र आहे आणि स्वच्छ वस्तूवर चित्त स्थिर करण्याचा उपदेश आहे. अट्ठकथेत शुभ्र वस्त्राचा तुकडा हाताळता हाताळता मळतो आणि त्यातून अनित्यतेचे दर्शन घडते. तपशील भिन्न असले तरी एक गोष्ट समान आहे. ‘तू बुद्धिमान आहेस’ असे भगवंत कोठेही म्हणत नाहीत. स्तुती नाही, आश्वासन नाही, उलट वाक्याचा जपही नाही. त्यांनी काम दिले, आणि ते त्या व्यक्तीला साधेल असे दिले. महापंथकांकडे एकच माप होते, आणि ते पाठांतराचे होते. महापंथक वाईट होते असे नव्हे. परंपरा त्यांना अर्हत मानते. पण भावाचा आशय त्यांना ओळखता आला नाही, असे अट्ठकथाच सांगते. चांगला शिक्षकसुद्धा एकाच मापाने मोजू लागला की, मापात न बसणाऱ्याला अपात्र म्हणू लागतो. भगवंतांनी माप बदलले. यापुढचे काम मात्र चूळपंथकांनी स्वतः केले. वस्त्र त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी हाताळले नाही. व्यक्तीच्या स्वतःच्या प्रयत्नाचे हे महत्त्व नाकारता येणार नाही. गॅल्वेची चेंडूच्या शिवणीकडे पाहण्याची सूचना येथपर्यंत येऊन पोहोचते. निवाडा करणाऱ्या आवाजाशी वाद न घालता चित्ताला एक आलंबन देणे, हे दोन्हीकडे समान आहे.

तिसरी कृती शिबिरात कोणी सांगितली नाही. जीवक कौमारभृत्याने भगवंतांसह पाचशे भिक्खूंना आपल्या आम्रवनात भोजनास बोलाविले होते. निमंत्रणे वाटून देण्याचे काम महापंथकांकडे होते. ती स्वीकारताना त्यांनी चूळपंथकांना गणतीतून वगळले. भोजनाच्या वेळी जीवक दानाचे पाणी घालू लागला, तेव्हा भगवंतांनी पात्रावर हात ठेवला आणि विहारात कोणी भिक्खू उरला नाही ना, असे विचारले. दूत पाठविला गेला, चूळपंथक आले, आणि भोजनानंतरचे अनुमोदन भगवंतांनी त्यांनाच करावयास सांगितले. ज्याला एक गाथा पाठ होत नव्हती, त्याने सर्व संघासमक्ष धम्म सांगितला.

पात्रावर ठेवलेला तो हात या कथेचा कळस आहे. तोवर चूळपंथक अर्हत झालेले होते. स्वतःविषयीची त्यांची समजूत गळून पडली होती. व्यक्तिमत्त्व-विकासाच्या दृष्टीने कथा तेथेच संपावयास हवी. परंतु यादी अजून चुकीचीच होती. आणि ती दुरुस्त होईपर्यंत तथागतांनी भोजन स्वीकारले नाही.

5

उलट वाक्य लिहिण्याच्या प्रयोगाविषयी बौद्ध तत्त्वज्ञानाच्या अंगाने आणखी एक आक्षेप आहे. ‘मी कनिष्ठ आहे’ हे खोडून ‘मी कोणापेक्षाही श्रेष्ठ होऊ शकतो’ असे लिहिले, म्हणजे रोग गेला काय? अभिधम्मातील विभंग या ग्रंथात ‘मान’ या क्लेशाचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत ‘मी श्रेष्ठ’, ‘मी समान’ आणि ‘मी हीन’ हे तिन्ही येतात. स्वतःला तुच्छ लेखण्याला तेथे ‘ओमान’ असे स्वतंत्र नावही आहे. न्यूनगंडाला अहंकाराच्याच वर्गात बसविणारे हे विश्लेषण प्रथमदर्शनी कठोर वाटते. त्याचे मर्म संयुत्त निकायातील सोण सुत्तात उलगडते. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान हे पाचही स्कंध अनित्य आहेत. जे बदलत राहते, त्याच्या आधारावर श्रेष्ठ, समान वा हीन असा कायमचा निवाडा करणे म्हणजे यथाभूत न पाहणे होय.

‘मी मंद आहे’ आणि ‘मी महान आहे’ या दोन्ही वाक्यांत ‘मी’ गोठलेला आहे. ‘गती मंद होती’ या वाक्यात तो गोठलेला नाही. अनात्मवादाचा व्यवहारातील लाभ येथे दिसतो. ज्याला स्थिर स्वभावच नाही, त्याला ‘अभब्ब’ हा शिक्का कायमचा लावता येत नाही. ‘मी हीन’ हा विचार उत्पन्न झाला, टिकला आणि विरला, एवढे चित्तानुपस्सनेत पाहता आले, तर तो विचार आपले नाव राहत नाही. एक येऊन जाणारी अवस्था ठरतो.

मग स्वाभिमानाचे काय, असा प्रश्न आपले वाचक विचारतील, आणि तो विचारलाच पाहिजे. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या वाकून चालण्यास भाग पाडले गेले, त्याला आता ‘मान सोडा’ असे सांगणे ही थट्टाच ठरेल. उत्तर असे की, ‘मान’ तुलनेवर जगतो आणि स्वाभिमानाला तुलनेची गरज नसते. दुसऱ्यापेक्षा वर असल्याची भावना म्हणजे स्वाभिमान नव्हे. वर आणि खाली अशी उतरंडच अमान्य करणे म्हणजे स्वाभिमान. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येकाला कोणीतरी खाली हवा असतो, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. ‘हीन’ खोडून ‘श्रेष्ठ’ लिहिणारा त्या उतरंडीची पायरी बदलतो. उतरंड तशीच राहते.

6

हा प्रश्न केवळ प्राचीन ग्रंथांचा नाही. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या संशोधिकांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष 2004 मध्ये जागतिक बँकेने प्रसिद्ध केले. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडविण्यास दिली होती आणि प्रत्येक सुटलेल्या कोड्याला बक्षीस होते. मुलांची जात जाहीर केली नव्हती, तेव्हा तथाकथित उच्च आणि कनिष्ठ जातींच्या मुलांच्या कामगिरीत फरक आढळला नाही. प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव व जात सर्वांसमक्ष उच्चारली गेली, तेव्हा कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली आणि मोठी दरी निर्माण झाली. आपल्या श्रमाचे मोल न्यायाने होणार नाही, अशी अपेक्षा जातीच्या उच्चाराने जागी होते, असा अर्थ संशोधिकांनी सुचविला आहे.

मुले तशीच होती, कोडी तशीच होती. फक्त एक वाक्य मोठ्याने उच्चारले गेले. या मुलांना आपण शिबिरात बोलावून ‘तुमची समजूत चुकीची आहे’ असे सांगणार काय? ती समजूत अनुभवातून आलेली आहे आणि पुष्कळ वेळा ती परिस्थितीचे बरोबर वाचनही असते. समजूत तपासताना तिच्या मागची परिस्थितीही तपासावी लागते. अन्यथा पूर्वजन्मीच्या कर्माच्या जागी ‘नकारात्मक विचार’ हा नवा शब्द येतो आणि जबाबदारी पुन्हा ज्याची अवहेलना झाली त्याच्याच माथी बसते. कोचिंगच्या आधुनिक वाङ्मयाविषयी माझा मुख्य आक्षेप हाच आहे. अट्ठकथेतील स्पष्टीकरण आणि हे स्पष्टीकरण यांत काळाचे अंतर मोठे आहे. विचाराची घडण मात्र एकच आहे.

आपल्या इतिहासात याचे उत्तर कृतीने दिले गेले आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. ठराव झाले, तळे जागेवर होते, तरी पाणी प्यावयास कोणी जाऊ शकत नव्हते. बाहेर बहिष्काराचे भय होते आणि आत पिढ्यांनी रुजविलेला संकोच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली आणि त्यांनी पाणी प्यायले. ‘आम्ही या पाण्याला शिवू नये’ ही समजूत कोणी कागदावर खोडली नाही. ती त्या ओंजळीने खोडली गेली. त्याच दिवशी सभेच्या लोकांवर हल्ले झाले आणि पुढे तळ्याचा वाद अनेक वर्षे न्यायालयात चालला. मन बदलल्याने जग लगेच बदलत नाही, हेही महाडने शिकविले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात घेतल्या गेलेल्या बावीस प्रतिज्ञांचा उच्चारही एकट्याने, बंद खोलीत झालेला नव्हता. प्रत्येकाने तो स्वतःच्या तोंडाने केला, परंतु सर्वांबरोबर केला. स्वतःचा प्रयत्न आणि संघाचा आधार यांची ही सांगड चूळपंथकांच्या कथेतही आहे. वस्त्र त्यांच्या हाती होते आणि पात्रावरचा हात शास्त्यांचा होता.

7

सारांश, चूळपंथकांची कथा सकारात्मक विचाराचे उदाहरण म्हणून सांगणे हे तिचे अर्धवट वाचन होय. ती शिबिरांत अवश्य सांगावी; परंतु दार, वस्त्र आणि यादी ही तिन्ही स्थळे सांगावीत. आपल्या विहारांतून पाली वर्ग चालतात, अभ्यासिका चालतात, स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेतली जाते. तेथे शिकविणाऱ्या आपण सर्वांनी चूळपंथकांऐवजी महापंथकांच्या जागी स्वतःला ठेवून ही कथा एकदा वाचावी, अशी माझी विनंती आहे. आपले माप कोणते आहे, आपल्या यादीतून कोण वगळले गेले आहे आणि दाराशी कोण उभे आहे, हे प्रश्न शिकणाऱ्याच्या आत्मपरीक्षणापूर्वी शिकविणाऱ्याच्या आत्मपरीक्षणाचे आहेत. हे लिहीत असताना माझ्याच वर्गातून पहिल्या महिन्यात गळालेल्या विद्यार्थ्यांची मला आठवण झाली. विभक्तिप्रत्यय पाठ न झाल्याने त्यांनी वर्ग सोडला, असे मी समजत होतो. त्यांना दुसरे काही काम देता आले असते काय, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाला आता उत्तर देता येईल. ते वाक्य तुझे नव्हते, हे तुझे म्हणणे बरोबर आहे. चूळपंथक थेरांनीही आपल्या गाथेत तेच नोंदविले आहे. ते वाक्य खोडण्याचा भार एकट्या तुझ्यावर नाही. ज्यांनी ते वर्गासमोर उच्चारले, त्यांच्यावर तो आहे, आणि ज्या विहारात तू ते मोठ्याने सांगितलेस, त्या विहारावरही आहे. तुझ्या वाट्याचे काम तेवढे तुझे. ते तुझ्या गतीने होऊ दे.